पायपुसण्याखालची तार

शिरूर, १४ नोव्हेंबर २०२४

प्रिय सारिका,

उद्या पौर्णिमा. पाळीप्रमाणे आई महिनाभर तुझ्याकडे येतील. न्हावऱ्याच्या स्टँडवर आपले नवरे, दोघे भाऊ, त्यांना एका गाडीतून उतरवून दुसरीत बसवतील, आणि नेहमीसारखे एकमेकांशी न बोलता परत फिरतील. वाटणीपासून त्यांचं बोलणं बंद आहे. आपलं बंद व्हायला नको, पण फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो हेही खरं. म्हणून ही चिठ्ठी आईंच्या पिशवीत, गोळ्यांच्या डबीखाली ठेवते आहे. तूही त्यांना परत पाठवताना अशीच ठेव.

आईंचं बाहेर जाणं वाढलंय. सारखं माहेर, निमोणं. गेल्या आठवड्यात डेपोत निमोण्याच्या गाडीत जाऊन बसल्या होत्या. कंडक्टर ओळखीचा, त्याने उतरवून घरी आणून सोडलं. "भारत वाट बघतोय," एवढंच म्हणतात. त्यांचे भाऊ भारतमामा कांद्यात आणि झेंडूत बुडालेले, ते कशाला वाट बघतील? दाराला कुलूप लावून बघितलं, तर त्या कडी वाजवत बसतात आणि सगळा मजला बाहेर येतो. शिवाय माणसाला कोंडणं मला पटत नाही.

तर एक गोष्ट केली आहे. दिवाळीत मी स्वतःसाठी इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं किट मागवलं. बी.एस्सी.ला फिजिक्स घेऊनही आयुष्यात फ्यूजपलीकडे काही बदललं नाही, त्याची हुरहुर होती. किटमध्ये तळहातावर मावेल असा एक बोर्ड असतो. लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहायचा आणि वायरीने त्याच्यात सोडायचा, की बोर्ड सांगितलं तसं वागतो. पहिल्या धड्यात एक लाल दिवा उघडझाप करायला लावला. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर काहीतरी मी म्हटलं म्हणून झालं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

तिसऱ्या धड्यात बझर होता. त्याला दोन पुठ्ठ्यांवर चांदीचा कागद चिकटवून जोडला आणि पुठ्ठे दाराच्या पायपुसण्याखाली ठेवले. पाय पडला की पुठ्ठे टेकतात आणि बझर वाजतो. प्रोग्रॅम एवढाच: जर टेकले, तर वाजव. आई निघाल्या की आपल्याला कळतं, आपण जाऊन हाताला धरून आणायचं. कुलूप नाही, कोंडणं नाही. घरातल्या बाकीच्यांनी पायपुसणं ओलांडून जायचं, एवढी एकच सवय करावी लागते.

डायरीत स्वतःला विचारलं, हे आईंसाठी करते आहेस की दुपारी पडायला मिळावं म्हणून? दोन्हींसाठी, असं उत्तर आलं. निदान ते खरं आहे.

यंत्र पिशवीत, जुन्या साडीत गुंडाळलंय. मोबाईलच्या चार्जरवर चालतं.

साधना


दौंड, १४ डिसेंबर २०२४

साधनाताई,

तुमचं यंत्र मिळालं. ह्यांनी पहिल्यांदा हात लावू दिला न्हाई. म्हणले, भावानं बॉम्ब पाठवला का काय. मग वायरी बघून म्हणले, वहिनी हुशार हाय, वाया गेली त्या घरात. राग मानू नका, तुमच्या कौतुकानंच म्हणले.

आमचा प्लग टीव्हीपाशी आन् दार पार तिकडं, म्हणून ह्यांनी मधी तार जोडून लांब केली. चालतंय. पण ते मधीच वाजतं बघा. कुणाचा पाय नसतो, काय नसतं, आन् टीं करतं. रिक्षा गेली तरी वाजतं, मिक्सर लावला तरी वाजतं.

गंमत सांगते. पहिल्या दिवशी आत्याबाई पिशवी घिऊन निघाल्या, पाय पडला, वाजलं. तर जागच्या जागी उभ्या, आन् दोन्ही हात वर. मी आपली बघतीय. मग सोताच कमरेचा बटवा काढला, उलटा केला. सुपारी, केसाची पिन आन् एक रुपया. म्हणल्या, "बघा बाई, काय न्हाई नेलं." मी म्हणलं, "बरं, जावा आत." तर गुमान आत जाऊन बसल्या. हाताला धरायची गरजच न्हाई.

आता आमच्या ऋतिकाला नाद लागलाय. अभ्यासाचा कंटाळा आला की पायपुसण्यावर पाय दिती, आजीचे हात वर. पाव्हण्यांना बी करून दावती. मी रागावते, पण हसू येतं वो.

एक करा. खाटंला बी असंच कायतरी बसवा. उठल्या की कळाय पायजे.

सारिका


शिरूर, १२ जानेवारी २०२५

प्रिय सारिका,

हात वर करण्याचं मी आमच्या ह्यांना विचारलं. ते म्हणाले की सासरे गेल्यावर आई कोरेगाव भीमाच्या बाजूला एका कंपनीत झाडलोट करायच्या. सुटताना बायकांची गेटवर झडती व्हायची. मशीन वाजलं की बाई हात वर करून बाजूला उभी, आणि सगळी रांग तिच्याकडे बघत पुढे जायची. आईंच्या ब्लाउजला लोखंडी हूक होते, त्यामुळे मशीन बऱ्याचदा वाजायचं. एवढं सांगून ते उठून गेले.

हे कळल्यावर मी यंत्र काढून ठेवायला हवं होतं. काढलंही, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी आई हायवेच्या दुभाजकावर सापडल्या. मग पुन्हा लावलं. मी स्वतःला सांगितलं की ट्रकपेक्षा गेट बरं. हे म्हणणं तपासून बघितलं, त्यात चूक सापडत नाही. सापडावी असं वाटत होतं.

आता मधेच का वाजतं ते. चूक माझी आहे. बोर्डाच्या ज्या पिनेला पुठ्ठे जोडलेत, ती पुठ्ठे टेकलेले नसताना नुसती लोंबकळत असते. लोंबकळणाऱ्या पिनेला स्वतःचं मत नसतं. आजूबाजूच्या विजेने ती कधी हो म्हणते, कधी नाही. तुमच्याकडे तार लांब, म्हणून जास्त. तिला एका छोट्या रेझिस्टरने बोर्डाच्या ग्राउंडच्या पिनेला बांधून ठेवलं की ती शांत राहते. हे चौथ्या धड्यात होतं, मी तिसऱ्यावर थांबून घाई केली.

परंतु एक निरीक्षण लिहिणं प्रामाणिकपणाचं होईल. आई परत आल्या त्या बदलून आल्या. तुझ्या चिठ्ठीत त्या फक्त दाराशी बिचकत होत्या, आता तांब्याला हात लावतानाही थांबतात. यंत्र कारण नसताना वाजलं, की त्या क्षणी त्या जे करत असतील तेच चुकलं असं त्यांना वाटत असणार. त्यामुळे त्या आता फारसं काही करतच नाहीत. या महिन्यात दुभाजकानंतर एकदाही बाहेर गेल्या नाहीत. नीट चालणाऱ्या यंत्राने हे झालं नसतं.

खाटेची पट्टी केली आहे, त्याच बोर्डाला जोडली. रेझिस्टर मात्र लावलेला नाही. कागदात गुंडाळून सोबत ठेवलाय, कुठे खोचायचा त्याचं चित्र काढलंय. लावायचा की नाही ते तू ठरव. मला एकटीला हे ठरवणं योग्य वाटत नाही.

साधना


दौंड, ११ फेब्रुवारी २०२५

साधनाताई,

तुमची पुडी मिळाली. तांदळाच्या डब्यावर ठिवली होती, कुठं गेली कळालं न्हाई. झाडताना गेली असंल. तुम्हाला तर लावायचीच न्हवती, न्हाईतर तुम्हीच लावून पाठवली असती. मला काय कळत न्हाई असं समजू नका.

म्हातारी आता सोन्यासारखी वागती. बसवलं तिथं बसती. "घास घिऊ का?" इचारती. "पाणी पिऊ का?" इचारती. खाटंवरनं उतरायला भेती म्हणून कपडे ओले करती, तेवढा एक ताप हाय, पण मेणकापड टाकलंय. शेजारच्या साखरबाई म्हणल्या, "काय बाई तुझी सासू शांत, आमची दिवसभर गावगप्पा करत हिंडती." मी म्हणलं, "जाऊबाईंची पुण्याई."

एकदा दुपारी इचारलं त्यांना, आत्या, निमोण्याला जायाचं का? माझ्याकडं बघत बसल्या. मग हळूच म्हणल्या, "सुटी झाली का?" मी उठून भाजी निवडाय गेले.

यंत्र तसंच पाठवतीय. पाठीला एक लाल डाग दिसतोय, पावडर लावत जावा.

सारिका


शिरूर, १२ मार्च २०२५

प्रिय सारिका,

लाल डाग म्हणजे बेडसोअरची सुरुवात. डॉक्टरांनी मलम दिलंय, सोबत ठेवलंय. त्यांनी विचारलं, चालत का नाहीत? पायाला तर काही झालेलं नाही. मी म्हटलं, वय. खरं म्हणजे वयही आहेच. झोप मोडते म्हटल्यावर झोपेच्या गोळ्याही लिहून दिल्या. त्या पिशवीत आहेत, पण माझा विश्वास नाही, मी दिल्या नाहीत.

या महिन्यात बोर्डाला वीजच लावली नाही. पुठ्ठे नुसते पायपुसण्याखाली ठेवले, तार लोंबकळत ठेवली. तरी आई त्या बाजूला फिरकल्या नाहीत. मग पुठ्ठेही काढले. तरी नाही. बोर्ड रिकामा पडलेला बघून मी त्याच्यावर मोटार फिरवायचा धडा केला, चांगला जमला.

आता चांगली बातमी. भारतमामांचा फोन आला. त्यांची सून बाळंतपण होऊन परत आलीये, घरात माणसं आहेत. म्हणाले, "आक्काला माझ्याकडं आणतो. शेवटचं माहेरी राहू दे. तुमी पोरींनी लई केलं." कांदा काढून झाला की चैत्र पौर्णिमेच्या आधी दौंडला येऊन घेऊन जातील, कायमच्या. आपली पाळीच संपेल. आईंना सांगितलं नाही, दिवस मोजत बसल्या असत्या.

ते यायच्या आधी यंत्र कपाटात ठेव. पायपुसण्याखालची तारही काढ. त्यांना समजावून सांगता येण्यासारखं नाही ते.

साधना


दौंड, १३ एप्रिल २०२५

साधनाताई,

ही चिठ्ठी पोस्टानं पाठवतीय, कारण पिशवी इथंच हाय. आन् पिशवीवाली बी.

भारतमामा परवा सकाळी आले. जीप घिऊन आले, मागं गादी अंथरलेली. यंत्र आदल्या दिवशीच काढलं होतं, पायपुसणं सुद्दा धुवाय टाकलं होतं. मामांना बघून म्हातारी रडली, हसली, तोंडावरनं हात फिरवला. मामा म्हणले, "अनसाक्का, चल. म्हशीला पारडू झालंय, तुझ्या हातानं नाव ठिव." तशी सोताच्या पायानं उठली वो. दोन महिन्यांत पहिल्यांदा. पदर सारखा केला, पिशवी घेतली, मामाच्या मागं मागं चालत दारापतूर आली.

मामा उंबरा ओलांडून बाहेर. ही आत थांबली. हात वर.

मामा म्हणले, "हे काय गं?"

"तू हो पुढं भारत. माझी झडती व्हायचीय."

"कसली झडती? कोण घेतंय?"

तर तिनं माझ्याकडं बघितलं. मामांनी बी माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "मामा, वय झालंय. कंपनीतलं आठवतं मधीच." मामांनी हाताला धरलं, तर तिनं चौकट धरली. म्हणली, "वढू नको रं, रांगंतली बघत्यात. सोडलं की येते." मामा पायरीवर बसले. मी च्या केला. च्या झाला, पोहे झाले, ऊन पायरीवर आलं, तरी ही उभीच. हात दुखाय लागले की खाली घ्यायची, माझ्याकडं बघून पुन्ना वर करायची.

ताई, मी नुसतं "जावा" म्हणले असते तर गेली असती. तोंडावर आलं होतं. पण मग मामांनी इचारलं असतं, तू म्हणल्यावर कशी गेली, तू कोण गेटवरची? काय सांगणार होते मी? मी गप बसले.

शेवटी मामाच उठले. डोळं पुसलं. म्हणले, "न्हाई यायचं तिला. तोंडानं म्हणवत न्हाई बिचारीला. लेकाच्या घरात जीव गुतलाय तिचा. सुना अशा मिळाल्या, भाग्य हाय आक्काचं." माझ्या हातावर साडीचोळी ठिवली, तुमच्यासाठी बी एक हाय, आन् मोकळी जीप घिऊन गेले.

काल पौर्णिमा झाली. तुमची पाळी लागली. ही उंबरा ओलांडत न्हाई. तुम्ही या आन् घिऊन जावा. यंत्र तुमचं हाय, तुमी शिकलेल्या हाय, तुमीच काढा त्यातनं.

सारिका


शिरूर, १९ एप्रिल २०२५

प्रिय सारिका,

तुझी चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. तू "जा" म्हणायला हवं होतंस. हे दोष द्यायला लिहीत नाही. तुझ्या जागी मी काय केलं असतं हे मी स्वतःला विचारलं आणि मला खात्री देता येत नाही. पण म्हणायला हवं होतंस.

आता त्यांना इकडे आणण्याबद्दल. याचा मी फार विचार केला. उंबरा ओलांडणं हे त्यांच्यासाठी आता गेटवर चोर ठरणं आहे. ते माहीत असताना त्यांना उचलून, ओढून गाडीत घालणं म्हणजे जाणूनबुजून छळणं होईल. आतापर्यंत जे झालं ते अजाणता झालं, निदान बरंचसं. हे मात्र अजाणता होणार नाही. जिथे आहेत तिथेच त्यांना राहू देणं, हाच त्यातल्या त्यात दयेचा मार्ग मला दिसतो.

यात माझी सोय होते, हे मला दिसत नाही असं समजू नकोस. दिसतं. पण एखादी गोष्ट सोयीची आहे म्हणून ती चुकीची ठरत नाही. माझं मन मला त्यांना हलवायची परवानगी देत नाही.

मलम, मेणकापड, जे लागेल ते मी पाठवत जाईन. त्यांची कूस बदलवत राहा, दर थोड्या वेळाने. "जा" म्हणून बघ एकदा, मामा नसताना. कदाचित जमेल.

साधना


दौंड, १ मे २०२५

साधनाताई,

म्हणून बघितलं. जावा म्हणलं, सुटी झाली म्हणलं, सायेबांनी सोडलंय म्हणलं. उंबऱ्यापतूर येती आन् उभी ऱ्हाती. आता माझं बी खरं वाटत न्हाई तिला.

तुमचं मन तुम्हाला परवानगी देत न्हाई. माझं मला देतं. मी दहावी शिकलेली हाय, मन लहान हाय.

तुम्ही ज्या झोपंच्या गोळ्या दिल्या न्हाईत, त्यातल्या दोन पिठलं-भातात कुस्करून दिल्यात. ह्यांनी भाड्याची गाडी केलीय. झोपलेलीच उचलून नेऊन तुमच्या आतल्या खोलीत ठिवतील. भाऊ भावाशी बोलणार न्हाई, तवा तुम्ही दार तेवढं उघडा. उठंल तवा उंबऱ्याच्या आत आसंल, आन् तुमच्याच म्हणण्यापरमाणं मग तिला हलवणं पाप हाय.

यंत्र पिशवीत हाय. ऋतिकाला पायजे होतं खेळायला, मी दिलं न्हाई.

सारिका


शिरूर, ८ मे २०२५

प्रिय सारिका,

तू जे केलंस त्याबद्दल मी रागवायचं ठरवलं होतं. जमलं नाही. वाद घालायला मला जागा उरलेली नव्हती.

आई दुसऱ्या दिवशी दुपारी जाग्या झाल्या. बराच वेळ छताकडे बघत राहिल्या. त्या महिनेच्या महिने याच घरात राहिल्या आहेत, पण आतली खोली त्यांना ओळखू आली नाही. खिडकी उघडी होती. खालून कांद्याच्या गोण्या भरलेल्या गाड्या मार्केट यार्डाकडे चालल्या होत्या, त्याचा वास वर आला होता. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आलं का निमोणं?"

मी हो म्हटलं.

विचार न करता म्हटलं. विचार नंतर केला, रोज करते आहे. त्यांनी चेहरा असा केला की मला तिथून उठावं लागलं. परत आले तर पाय खाली सोडून बसल्या होत्या, कुणाला न विचारता. तांब्यातून पाणी प्यायल्या. मला भारतमामांची सून समजतात, "माया" म्हणतात, बाळ कुठाय विचारतात. मी म्हणते, झोपलंय. काल म्हणाल्या, "गेटवर कसं सोडलं गं मला?" मी म्हटलं, तुम्ही काही नेलंच नव्हतं. "तेच सांगत व्हते मी त्यांना," म्हणाल्या, आणि पोटभर जेवल्या.

पाठीची जखम सुकते आहे. घरभर फिरतात. बाहेर जायचं नावही काढत नाहीत, कारण आता त्यांना कुठे जायचं नाही. दाराला कडी सुद्धा नसते. जे यंत्राने, कुलपाने, तुझ्याने, माझ्याने झालं नाही, ते एका खोट्या शब्दाने झालं, आणि तो शब्द मी नोव्हेंबरातही बोलू शकले असते. तेव्हा मला खोटं बोलणं पटलं नसतं.

पौर्णिमेला त्यांना न्यायला कुणी येऊ नये. मी पाळी मोडते आहे असं समज.

भारतमामांचा काल फोन आला, आक्काला बघून जातो म्हणाले. मी येऊ नका म्हटलं. त्यांना वाईट वाटलं असावं. बहिणीने दारातून परत पाठवलं, आता सुनाही नको म्हणतात. कारण विचारलं, ते मी सांगितलं नाही. तूही सांगू नकोस. ते बाहेरून आले, चपला काढून पाहुण्यासारखे खुर्चीवर बसले, तर हे घर मामांचं नाही हे आईंना कळेल.

साधना